दोनदा वाजलेला एक

आमच्याकडे दूध तोडतात.
क्रियापद कुऱ्हाडीचंच, लाकडाला लावतात ते.
डंडीतल्या मोरॅगबाई, घरी येऊन बाळांची वजनं करणाऱ्या,
म्हणाल्या, "घाई नको. एकेक वेळ कमी करत जा.
आधी दुपारची. ती त्याच्या लक्षातही नसते."

माझ्या होती.

तरी दुपारची गेली.
नर्सरीत निषादला दोन कानांच्या निळ्या कपातून देतात,
आणि मी एक्स-रे विभागात शिशाचा एप्रन उतरवून
जुन्या फायलींच्या खोलीत पंप लावून बसायचे,
ते थांबलं. दारावरची चिठ्ठी काढली,
तिच्या चिकटपट्टीचा चौकोन मात्र राहिला.
तीनच्या सुमाराला कॉरिडॉरमध्ये कुणाचंही पोर रडू दे,
माझा कुडता ओला.
अंगाला नावं कळत नाहीत.

सासूबाई फोनवर: "काळा बोळ लाव.
नाही मिळाला तर कारल्याचा रस.
एकदा तोंड कडू झालं की फिरकायचा नाही.
श्रीरंगाला मी तीन दिवसांत तोडलं."
श्रीरंग शेजारीच बसून मोज्यांच्या जोड्या लावत होता.
अडतीस वर्षांचा आहे.
अजून कारलं खात नाही.

मी काही लावलं नाही.
डोळे मिटून येतो तो.
डोळे मिटून येणाऱ्याला कडू कसं द्यायचं?

संध्याकाळची आम्ही टे नदीच्या काठावर चालून घालवली,
आठवडाभर, त्या वाऱ्यात,
पुलावरून जाणाऱ्या गाडीच्या उजेडी खिडक्या मोजत.
मोजत मीच होते.
तो माझ्या जाकिटाची चेन खाली ओढत होता.

मग उरली रात्रीची.

ऑक्टोबरचा शेवटचा शनिवार उलटला होता.
एक वाजून वीस मिनिटांनी तो उठला.
"मोर," म्हणाला.
नर्सरीतून आणलाय त्यानं हा शब्द,
आणखी हवं असलं की वापरायला.
माझ्या कानात तो दर वेळी पिसाऱ्यासकट शिरतो.
पाणी दिलं. ढकललं.
थोपटलं. अंगाईच्या दोन ओळी आल्या, तिसरी येईना,
म्हणून रोजची माझी माणसं म्हणत गेले:
खुबा, बरगडी, मणका, माकडहाड,
गुडघ्याची वाटी, गुडघ्याची वाटी.
रडला, मग हुंदके, मग नुसता श्वास.
वहीत लिहिलं, एकची वेळ: दिली नाही.

आणि दोन वाजता, माझ्या डोळ्यांदेखत,
फोनवरचे आकडे मागे जाऊन पुन्हा एक झाले.
हिवाळ्याआधी इथे एक तास परत देतात.
कुणाला कशाला हवा असतो कोण जाणे.

एक वाजून वीस मिनिटांनी तो पुन्हा उठला.

या वेळी मी घेतलं.
एकच्या रकान्यात लिहून झालं होतं,
दुसऱ्या एकला जागाच नव्हती वहीत.
तो प्यायला. एक पाय माझ्या पोटात रोवून,
गळ्याच्या हाडावरचा माझा तीळ बोटानं खरवडत,
सोलून निघेल असा.
बाहेर समुद्रपक्षी ओरडत होते, दिवस उजाडल्यासारखे.
मी मध्येच डुलकी घेतली.
शेवटचं आहे हे माहीत असतं
तर जागी राहिले असते.

रविवारी रात्री तो उठला नाही.
सोमवारीही नाही.
मीच उठत होते, एक वीसला, दगड झालेली छाती घेऊन.
मोरॅगबाई म्हणाल्या, कोबीची पानं, फ्रिजमधली, आतून लावा.
हसू नका, म्हणाल्या.
हिरवी, गार, शिरांची पानं लावून मी दोन दिवस
लोकांच्या फुप्फुसांचे फोटो काढले.
"श्वास घ्या. धरून ठेवा. सोडा."

उरलेल्या गड्ड्याची हरभऱ्याची डाळ घालून भाजी केली.
निषादनं मुठीनं खाल्ली. केसांत लावली.
वाटी पुढे करून म्हणाला, "मोर."

ओव्हनवरचं घड्याळ अजून तसंच आहे, तासभर पुढे.
श्रीरंग दोनदा म्हणाला, बदलून टाकू.
राहू दे म्हटलं.
मार्चमध्ये आपोआप बरोबर येईल.