रंग ओला आहे

एक तारखेला बंदी उठेल.
म्हणजे आठ दिवस, आणि नऊ बोटी माझ्या अंगावर,
सगळ्या किनाऱ्यावर ओढलेल्या, ताडपत्रीखाली,
जुनं नाव खरवडून काढलेल्या.

घरात एक आहे, तिला अजून नावच नाही.
सव्वीस दिवसांची. बारसं लांबलं, आत्याला रजा नव्हती.
ग्रामपंचायतीच्या फॉर्मवर नुसतं ‘स्त्री’ लिहिलंय
आणि बापाचा व्यवसाय : पेंटर.

हर्षलाच्या आईचे गुडघे गेलेले,
म्हणून बाळंतपण माहेरी नाही, इथंच, हर्णैला,
बर्फाच्या फॅक्टरीमागच्या दोन खोल्यांत.
फॅक्टरी पावसाळ्यात बंद असते.
वर्षाकाठी तेवढीच शांतता मिळायची,
ती हिनं भरून काढली.

सकाळी बारकीमावशी येते, पोरीला पायांवर पालथी घालते,
तेल जिरवता जिरवता मला म्हणते,
“बघ नि शिक, मी काय जन्माची येणार नाय.”
मी बघतो.
टर्पेंटाइननं धुतलेला हात, मग साबणानं, मग परत साबणानं,
तरी हर्षला आधी त्याचा वास घेते
आणि मगच पोरीला देते.

लंगोट सुकत नाहीत. हवाच खारी, चिकट.
दोरी बांधली शेगडीवर, मग पंख्याखाली,
शेवटी शेडमध्ये, हमजाभाईंच्या डोलकाठीला.
मुकादम आले, कमरेवर हात ठेवून बघत राहिले.
एकवीस लंगोट, ओळीनं.
“माझ्या बोटीला ही निशाणं कुणी लावली रे?”
संध्याकाळी त्यांच्या घरून गाठोडं आलं,
जुन्या लुंग्या, धुऊन धुऊन लोण्यासारख्या झालेल्या.
फाडून घ्या, असा निरोप.

रात्री तीन. तिला काय हवंय ते आम्हाला कळत नाही,
बहुतेक तिलाही नाही.
अंगाई येत नाही मला. खांद्यावर घेऊन
दारापासून मोरीपर्यंत फेऱ्या घालतो
आणि गेल्या साली रंगवलेली नावं सांगतो :
जलकन्या. दर्यासारंग. नूर-ए-साहिल.
महालक्ष्मी प्रसन्न, दोनदा,
कारण दोघा भावांत बोटी वाटल्या गेल्या, नाव नाही.
एकाही नावाला ती गप्प होत नाही.
मग आपोआप होते,
आणि मला वाटतं की मी काहीतरी केलं.

बावीस वर्षं अक्षरं काढतोय, पण ‘इ’ कधी जमली नाही मनासारखी.
वरचं वळण येतं, खालच्यात हात कचरतो.
परवा शून्याच्या बल्बात तिचा कान पाहिला, अगदी जवळून.
असं आहे होय.
आत जाता जाता पुन्हा बाहेर यायचं, घाई न करता.

दुसऱ्या दिवशी हमजाभाईंच्या बोटीवर ‘इनायत’ काढायला घेतलं.
‘इ’ अशी उतरली की मी दोन पावलं मागं जाऊन उभा राहिलो.
मग बहुतेक उभ्यानंच डोळा लागला असावा.
हमजाभाईंनी वाचलं. परत वाचलं.
“इनात? अरे, ‘य’ कुठाय?”
“घरी राहिला,” मी म्हटलं.

पुसायला वेळ नव्हता. ‘ना’ आणि ‘त’च्या मधल्या फटीत
एवढासा ‘य’ बसवला, कुशीत घातल्यासारखा.
आम्ही तिघं असेच झोपतो,
दोन मोठी अक्षरं कडेला, अंग चोरून,
एका हातावर जन्म काढत.
पुसून नीट काढून देतो म्हणालो उद्या.
हमजाभाई म्हणाले, राहू दे.

आता आठ उरल्यात.
शनिवारी आत्या येणार मुरूडहून, कानात नाव सांगायला.
कुठल्या, ते मी ठरवलंय : डाव्या. त्याचं वळण जास्त मोकळं आहे.

मघाशी पोरीला उचलताना दिसलं,
टाचेवर एक निळा ठिपका, अनुस्वाराएवढा.
खोबरेल लावून पुसला. बराचसा गेला.
हर्षलाला अजून सांगितलेलं नाही.