डोईवरचं ओझं

होटगी नाक्यावर एकवीस वर्षं
मी पावत्या फाडल्या.
कार्बनची निळाई करंगळीच्या कडेला अजून आहे
असं मला वाटतं. बायको म्हणते, नाही.

केबिनच्या दारात एक दगड होता. पायरीच म्हणा.
आम्ही त्यावर चहाचे ग्लास ठेवायचो,
ड्रायव्हर बुटांचा चिखल खरवडायचे.
मग जकात गेली, केबिन पाडली,
जेसीबीनं दगड उलटा केला
तर पोटावर चंद्र, सूर्य,
आणि खाली सोळा ओळी जुन्या कानडीत.

कोडगी मास्तरांनी ज्वारीचं पीठ फासलं अक्षरांवर
आणि गुडघ्यांवर बसून वाचलं:
शके एक हजार बेचाळीस.
विड्याच्या पानांच्या बैलामागे एक कवळी,
मिठाच्या गोणीमागे पसाभर,
घोड्यामागे अर्धा गद्याण.
घाण्यामागे दोन पळ्या तेल,
एक महादेवाच्या दिव्याला, एक बसदीच्या,
पळी एकच वापरावी.
लिहिणार, सुंकाचा कारकून, केतय्या.

पहिल्या पाच ओळी कल्याणच्या राजाच्या होत्या,
पृथ्वीचा वल्लभ, भुवनाचा आश्रय वगैरे.
केतय्या पार खाली, कोपऱ्यात, अक्षरं दाटीनं बसवलेला.
मला तो लगेच ओळखू आला.
पावतीवर आमची सही तिथंच असायची.

कल्याण गेलं. देवगिरी आली, गेली.
गुलबर्ग्याहून स्वार आले, बिदरहून हुकूम.
चौलला उतरलेले अरबी घोडे
याच पांढरीवरून खूर झिजवत गेले असतील,
त्यांच्यामागून एखादा फकीर, एखादा जंगम,
एकाच विहिरीवर थांबून,
आणि वळणावर कुणीतरी मोजत बसलेला.
एवढंच झालं की तो सुंक म्हणायचा,
त्याचा नातू जकात म्हणू लागला.

इमामसाब नदाफ माझ्याच टेबलाला बसायचा.
रमजानात एकदा शिक्का मारता मारता म्हणाला,
"आमच्यात जकात म्हंजे दान बे,
चाळीसातला एक भाग, गरिबाला द्यायचा.
तुमी त्याचा नाका केलाव."
"तुमी" म्हणाला, आणि शिक्का पुन्हा शाईत बुडवला.
पगार दोघांचा सारखाच होता.

मास्तर शेवटच्या ओळीपाशी थांबले.
पुन्हा पीठ मागितलं. पुन्हा फुंकर.
डोईवरच्या ओझ्याला सुंक नाही, म्हणाले.
हे जो मोडील त्याला
वाराणसीत हजार कपिला गाई मारल्याचं पाप.

कुंभारीची ईरव्वा.
डोक्यावर अंबाडीच्या दोरांची भेंडोळी,
पोळ्याच्या आधीचा आठवडा.
मी खिडकीतून बोट केलं, ती थांबली.
"डोस्क्यावरचंबी मोजताव का ओ सायेब?"
नियम आहे, म्हणालो.
ती त्या दगडावर बसली,
पदराची गाठ सोडली,
सात रुपये दोनदा मोजले.
पावती तिनं कशाला घेतली कोण जाणे,
घडी करून कनवटीला खोवली
आणि ओझं डोक्यावर चढवायला
हात लावा म्हणाली.
इमामसाब उठला. मी कार्बन बदलत होतो.

मी काशीला गेलेलो नाही.
गाय मारलेली नाही.
सात रुपयांची पावती फाडली आहे.

दगड आता महापालिकेच्या आवारात
भंगार पंपांना टेकून उभा आहे.
परवा पेन्शनच्या कामाला गेलो तेव्हा पाहिला.
खाचांत उरलेल्या पिठाला मुंग्या लागल्या होत्या.
स्वतःपेक्षा मोठा कण धरून
एकेक जण राजाच्या ओळीतून उतरत होती,
तेलाच्या, घोड्यांच्या ओळीतून,
केतय्याच्या नावावरून.

माझी चप्पल त्यांच्या वाटेत होती.
बराच वेळ लक्षात आलं नाही.