मुद्दाम चुकलेलं वाक्य

चिलोएच्या या टोकाच्या बेटावर
रेंज चर्चच्या तिसऱ्या पायरीवर येते,
चौथीवर नसते. का, ते कुणी विचारत नाही.
दर गुरुवारी सातला मी तिथे बसते,
रेनकोटात, फोन बटाट्याच्या पोत्याला टेकवून,
आणि एकेक चौकट उजळते:
पुंता अरेनासची इरमा, तिच्याआधी तिच्याकडचा वारा बोलतो;
लोताची सेलमिरा, वह्या तपासता तपासता ऐकणारी;
आणि तू, एलेउतेरिओ,
वाळवंटातल्या त्या शाळेत, जिथे अकरा मुलं
आणि पाऊस फक्त पुस्तकात.

आपण कधी समोरासमोर भेटलो नाही.
तरी मला ठाऊक आहे, सेलमिरा डावखुरी आहे,
आणि एखादं मूल वाचू लागलं हे सांगताना
तू आधी चष्मा काढतोस.

त्या गुरुवारी मी आलिरोचं सांगितलं.
नऊ वर्षांचा. भरतीची वेळ बापाच्या आधी सांगतो,
बारा तऱ्हेच्या गाठी मारतो,
पण अक्षरं त्याच्यासमोर आली की कूस बदलतात.
‘दे’चं पोट डावीकडे, ‘बे’चं उजवीकडे,
त्याला दोन्ही एकच.
‘देदो’ म्हणजे बोट. तो वाचतो ‘बेबो’, मी पितो.
वर्ग हसतो.
तो खिडकीबाहेर बघतो, जिथे बापाची होडी
डावीकडे वळो नाहीतर उजवीकडे,
होडीच राहते.

इरमा म्हणाली, वाळूत गिरवून घे.
घेतलं होतं. ओहोटीला गिरवलं, भरतीने नेलं.
सेलमिरा म्हणाली, रंगीत खडू.
तेही झालं होतं.
तू बराच वेळ गप्प. मला वाटलं चित्र गोठलं.
मग म्हणालास, “लुदोविना, तू चुकीचं वाच.”
काय?
“तू सारखं बरोबर वाचतेस, त्याचाच त्याला धाक आहे.
चूक मुद्दाम. मोठ्याने. शहाण्यासारखा चेहरा करून.
आणि पुस्तक दोघांच्या मध्ये ठेव.”
तेवढ्यात रेंज गेली.

सोमवारी शेगडीभोवती ओले मोजे वाळत होते.
मी वाचलं,
“कोळ्याने जाळं टाकलं आणि सहा कोंबड्या पकडल्या.”
सगळे चिडीचूप. बाईंची चूक कोण काढणार?
“कोंबड्या ताज्या होत्या. खवले अजून चमकत होते.”
मागे खुर्ची सरकली.
आलिरो आला, ओळीवर बोट टेकवलं,
आणि ते बोट किनारा न सोडता
एकेका अक्षराच्या धक्क्याला लागत गेलं.
“मासे,” तो म्हणाला. “मासे लिहिलंय, बाई.
नीट बघा ना.”

नीट बघा ना.
एकोणीस वर्षं मी हे मुलांना म्हणत आले.
पहिल्यांदाच ते माझ्याकडे उलटून आलं
आणि इतकं बरं वाटलं
की मी लगेच आणखी एक चूक केली.

तो काही एका सोमवारात सुधारला नाही.
काल त्याने बोट पुन्हा पिऊन टाकलं.
पण आता तो थांबतो, दोन शब्द मागे जातो,
स्वतःलाच दटावतो,
आणि मग तीच ओळ
माझ्याकडे रागाने बघत पुरी करतो.

आज हे सगळं सांगितलं तेव्हा
तू चष्मा काढलास.
“युक्ती माझी नाही,” म्हणालास.
“हा फुटला होता. नवा यायला महिना लागला.
तोवर मी अंदाजाने वाचायचो.
उंटाचं ऊस करायचो, आजीची आमटी.
पोरंच ओरडून ओरडून दुरुस्त करायची.
चष्मा आल्यावर त्यांना वाईट वाटलं.”

सेलमिराने पहिल्यांदा वही मिटली.
पायरीवर पाणी साचत होतं,
पोत्याखालून ओल वर चढत होती,
आणि इरमा वाऱ्यातून ओरडत होती,
“थांबा, थांबा, लिहून घेऊ दे.
कोंबड्या किती म्हणालीस?”
सहा, मी म्हटलं.
सहा.