मगर

दांडिया बाजारात टायरच्या दुकानावर एक खोली आहे.
भाडं मी भरते, जिना दुकानाचा.
शनिवारी दुपारी चौघीजणी येतात,
चपला बाहेर काढतात,
मी सांगितलेलं नाही, घरून आलेली सवय.
म्हणून आमच्याकडे डिस्टॉर्शनचं पेडल
अनवाणी पायानंच दाबतात,
शिलाई मशीनवर आईचा पाय पडतो तसं,
अंगठा आधी.

खाली हवा भरायचा कॉम्प्रेसर दिवसभर गुरगुरतो.
पहिले दोन महिने आम्ही त्याच्याशी भांडलो.
मग तस्नीम म्हणाली, काळी एकच्या जरा खाली आहे तो,
आपणच उतरू या.
तेव्हापासून तारा त्याच्या पट्टीत लावतो.
दुकान बंद असलं की आम्हीच बेसूर वाटतो.

मी विसाव्या वर्षी गरब्याच्या ऑर्केस्ट्रात बेस वाजवायचे.
नऊ रात्री, स्पीकरच्या मागे,
पंख्याचा वारा पोचत नसे तिथे.
हजारो पावलं माझ्या दोन बोटांवर वळायची
आणि हे फक्त मला माहीत होतं.
शेवटच्या रात्री माइकवरून नावं घेतली,
ऑक्टोपॅडवर अमुक, ढोलावर तमुक,
अने साथे, आपणां बेन.
पाकीट मिळालं. पाकिटावरही बेन.

दादा म्हणायचे, बोटं चांगली आहेत हो पोरीची, पण.
वाक्य तिथंच ठेवायचे,
चहाचा कप ठेवावा तसं.
कुणी हात लावत नसे त्याला.
मीसुद्धा नाही.
साय धरायची.

हे मुलींना सांगितलं तेव्हा हेत्वी हसली.
आमच्याकडेही सेम, फक्त पप्पा रागात हिंदी बोलतात.
लडकी होशियार है, मगर.

तोवर बँडला नाव नव्हतं.

आणि त्याच साली विश्वामित्री चढली होती,
फतेहगंजात तस्नीमच्या सोसायटीत मगर आलेली,
दोन अ‍ॅक्टिव्हांच्या मध्ये,
रीतसर पार्क केल्यासारखी.
माणसं गच्चीवरून ओरडत होती, वाट चुकली, वाट चुकली.
तस्नीम म्हणते, अजिबात नाही.
ती आपलं पाणी बरोबर घेऊन आली होती.

नाव मी सुचवलं नाही.
पाटी रंगवायला ब्रश तेवढा दिला.

सुरुवातीला सगळ्या दुसऱ्यांची गाणी आणतात,
परदेशातल्या लांब केसांच्या पुरुषांची,
काही बायकांचीही,
त्या बायका मला या पोरींनीच दाखवल्या,
माझ्या विसाव्या वर्षी कुठे होत्या कोण जाणे.
वाजवा म्हणते. बोटं तापतात त्यानं.
मग विचारते, आणि तुझं?

शाल्मली फडतरे, अकरावी सायन्स,
फिजिक्सच्या जर्नलमागे लिहून आणते.
बसचा पास हरवला, घरी सांगितलं नाही,
बारा दिवस चालत गेली कॉलेजला,
कुणाच्या लक्षात आलं नाही,
फक्त चपलेच्या.
एवढंच.
हे गाणं आहे का, मावशी?
मी म्हटलं, वाचू नकोस. ओरड.

ती ओरडली.

खाली कॉम्प्रेसर बंद झाला.
जिन्यावर पावलं आली, अर्ध्यात थांबली,
बराच वेळ थांबली,
परत उतरली.

आता पट्टी धरायला काहीच नव्हतं.
दुसऱ्या ओळीला शाल्मली भलत्याच सुरावर उतरली,
हात तारांवर दाबून उभी राहिली.
चुकलं का?
मी खरंच विचार केला.
अगं, काय सांगू,
हे याआधी कुणी वाजवलेलंच नाही.

तिनं केस कानामागे सारले,
अंगठा पेडलवर ठेवला
आणि तिथंच पुन्हा चुकली,
या वेळी मोजून.