बावीस अंश

बाहेर शेहेचाळीस.
आत बावीस.
मी त्या बाविसाची राखणदार.

संध्याकाळी सातला वीज गेली.
जनरेटरने दोन उचक्या दिल्या, मग धरला.
मधली अकरा सेकंदं
मी हलता ट्रे हातानेच हलवत उभी,
झोपाळ्याची दोरी तुटल्यावर
बाई नुसत्या हाताने झोका देते तशी.

लाल पेशींचं बरं असतं.
चार अंशांच्या कपाटात बेचाळीस दिवस
थोरल्या जावेसारख्या गप पडून राहतात,
हाक मारली की उठतात.
प्लेटलेट्सचं तसं नाही.
गारठा सोसत नाही, उकाडा सोसत नाही,
स्वस्थ बसणं तर नाहीच नाही.
हलवणं थांबलं की एकमेकींना बिलगून गोळा होतात,
आणि पाचव्या रात्री बारा वाजता
आतून कशाही असोत,
मी त्यांना कचऱ्याच्या पिवळ्या पिशवीत टाकते.

गेल्या महिन्यात सात टाकल्या.
रक्त देणाऱ्याला हे कुणी सांगत नाही.
त्याला चहा, ग्लुकोजची बिस्किटं, प्रमाणपत्र,
आणि कोपरावर कापसाचा बोळा.

आज ट्रेवर एकच उरली. ओ पॉझिटिव्ह. मुदत: आजची.
ट्यूबलाइटसमोर धरली तर आत
भोवरा अजून फिरत होता,
दादरच्या पिकल्या कणसांवर ऊन सरकावं तसा.
म्हणजे आहेत.

साडेआठला चोपड्याहून निंबा सपकाळे आला.
कागदावर भावजयीचं नाव, भाग्यरेखा, वय तेवीस,
काल बाळंतीण, रक्त थांबत नाही,
प्लेटलेट्स नऊ हजार.
लाल पिशव्या सकाळीच गेल्या होत्या चार,
पण फुटक्या हौदात किती ओतणार?
आधी बूच हवं.

त्याच्या हातात थर्माकोलचा डबा, बर्फाने गच्च.
सकाळी आम्हीच सांगितलं होतं, बर्फ आण.
मी बर्फ बेसिनमध्ये ओतला.
तो माझ्याकडे बघत राहिला,
जणू मी त्याच्या भावजयीलाच ओतलं.

"भाऊ, ह्यांना गार चालत नाही."

तो थोडा वेळ उभा. मग म्हणाला,
"म्हंजे केयासारखं."

माझ्या वर्गात कुणी असं शिकवलं नव्हतं.
हा माणूस पिकवण्याच्या कोठीत काम करतो,
कच्चा घड किती अंशात झोपतो, किती अंशात पिवळा होतो,
आणि फ्रीजमध्ये एका रात्रीत कसा काळा पडतो,
त्याच्या बोटांना ठाऊक.

डबा पुसून मी दहा मिनिटं आमच्या खोलीत उघडा ठेवला,
बाविसाची सवय लागावी म्हणून.
क्रॉसमॅच, सही, वेळ: नऊ वाजून चार.
"मांडीवर ठेवा. खिडकीत नको, बोनेटवर तर नकोच.
आणि हळूहळू हलवत राहा."

"रस्ता शे ना," तो म्हणाला.

खरंच. तापीचा पूल ओलांडल्यावर जो रस्ता आहे
त्याच्यावर आजवर शिव्याच ऐकल्या.
त्या रात्री मी खुर्चीत बसून
एकेक खड्डा मनात मोजला,
हा आला, हा गेला, हलवा रे, हलवा,
थांबू देऊ नका.

बारा वाजले. टाकायला काही नव्हतं.
रिकामा ट्रे तसाच हलत होता,
बंद करावा असं वाटलं नाही.

फोन करायचा नाही, हा माझा नियम.
एकदा केला होता, धरणगावला.
त्यानंतर नाही.

सहाव्या दिवशी निंबा दारात.
काखेत केळीच्या पानात गुंडाळलेल्या दोन फण्या,
बाही आधीच वर केलेली.
मी वजन घेतलं, हिमोग्लोबिन पाहिलं, सुई टोचली.
त्याने मूठ उघडली, मिटली,
छताकडे बघत, सहज, हवापाण्याचं बोलावं तसं म्हणाला,
"काल कयन्यानी भाकर खादी तिनी."

मी पिशवीवर नंबर लिहीत होते.
सात आकडे. चौथा चुकला,
खोडून परत लिहिला.

जाताना फण्या टेबलावर ठेवून
दारातून वळला:
"फ्रीजमा ठेवू नका, ताई."