पास उलटताना

ऑरिन थिबोडोचा बॉक्स ब्लेड मी मागून आणला
आणि नोव्हेंबरात तसाच सोडला गोठ्यामागे,
ओल्या मातीत तोंड खुपसून.
बर्फ पडला. मग बर्फावर बर्फ.
एप्रिलात व्हरमाँटचे सगळे कच्चे रस्ते
एकदमच खचतात, तसा आमचाही खचला;
पोस्टाची गाडी दोनदा रुतली चरांत,
आणि ब्लेड मात्र जमिनीतून निघेना,
दाढ उपटावी तसा उपटला तेव्हा
त्याच्या कडेला माझ्या आळसाचा रंग होता,
नारिंगी, खपल्याखपल्यांचा.

सांगायला गेले. वाटलं होतं, बोलेल काहीतरी.
त्यानं शांतपणे बूट चढवले,
ग्रीसची बंदूक काखेत मारली,
आणि चिखलातून चालताना एवढंच म्हणाला,
मातीवर ठेवलेलं लोखंड
हळूहळू मातीचंच होतं.

खाली वाकून मी पहिल्यांदाच नीट पाहिली
ती खालची पट्टी, जी खरंतर जमीन कापते.
आमच्याकडे कुळवाला असते, तिला पास म्हणतात,
मी म्हटलं.
पास, त्यानं घोळवून पाहिला शब्द.
आम्ही ट्रॅक्टरच्या एका फेरीला पास म्हणतो, तो म्हणाला,
म्हणजे तुमची झिजते ती पास
आणि आमची झिजवते ती.

सहा बोल्ट. सहाही गंजून एकजीव.
तेल सोडलं, थांबलो.
पुन्हा तेल, पुन्हा थांबलो; कॉफी गार झाली.
त्याचा हात थरथरतो हल्ली,
म्हणून पाना माझ्याकडे,
आणि त्याच्याकडे फक्त, आता, नको, आता.
पाच सुटले. सहावा तुटला
असा आवाज करून की झाडावरचा कावळा उडाला.
डोकी पाहिलीस का, ऑरिन म्हणाला,
बोल्टांची डोकी घासून घासून
जुन्या नाण्यासारखी सपाट झालेली.
आणखी एक हंगाम, आणि पत्र्यालाच भोक पडलं असतं.
झिजायचं काम पासेचं आहे.
तिला वेळेवर उलटलं नाही
तर झिज वर चढते.

पट्टी उलटली.
वरची कड, जी कधीच जमिनीला लागली नव्हती,
कारखान्यातून आली तशीच, कोनदार, निळसर.
मी बोट फिरवलं आणि चटकन मागे घेतलं.

मग सांध्यांत ग्रीस,
आतलं जुनं काळं बाहेर ढकललं जाऊन
नवं लालसर दिसेपर्यंत. सांडलेलं पूस,
नाहीतर वाळू चिकटेल आणि तेच सांधा खाईल.
तासभर चालवलास की बोल्ट पुन्हा आवळ,
पहिल्या तासात सगळंच थोडं सैल होतं.
आणि मागे जाताना ब्लेड उचल गं,
मागे जाताना खडक दिसत नाहीत.
हे सगळं तो मला नाही,
ब्लेडला सांगितल्यासारखं सांगत होता.

वरच्या आडव्या नळीवर रंगानं लिहिलेलं होतं:
एक्याण्णव, नवी. दोन हजार दोन, उलटली.
दोन हजार तेरा, नवी.
शेवटचं अक्षर गोल, जपून काढलेलं.
डेल्फीनचं, तो म्हणाला,
आणि रंगाचा पेन माझ्या हातात दिला.

मी लिहून गेले सवयीनं:
२०२४, उलटली.
मराठीत. लक्षात आलं तेव्हा रंग वाळला होता.
त्यानं मान तिरकी करून बराच वेळ पाहिलं.
मला वाचता येत नाही, म्हणाला,
तुला येतं ना? मग झालं.

संध्याकाळी दोन ओंडक्यांवर टेकवून ठेवला,
जमिनीपासून वीतभर वर,
कडेला तेलाचं बोट.
रात्री पाऊस आला तेव्हा
उठून एकदा बघून आले.