पेव उघडण्याआधी

हरिपूरला आमच्या पायाखाली जमीन पोकळ होती.
तोंड माणूस कसाबसा उतरेल एवढं,
आत रांजणासारखं पोट,
कडेनं उसाचा पाला, मधे हळकुंडं, वरून माती थापलेली.
वडील पेवं भरायचे. पावत्या मी लिहायची:
पेव सतरा, पोती एकशे चाळीस, माल नेमगोंडा शेठचा.
खाली वडिलांचा अंगठा. त्याला शाई लागत नसे,
तो बाराही महिने पिवळाच.

हळद जागची हलत नव्हती.
पावती मात्र गणपती पेठेत एकदा, यार्डात दोनदा,
एकदा तर जयसिंगपूरच्या एका लग्नात
जावयाच्या खिशातून फिरून आली.
पेवात कुणी डोकावलं नाही.
का डोकावावं? अंगठा पिवळा होता.

मग एका मार्गशीर्षात शेठ म्हणाले,
सगळे एकदम कुठं येतात माल उचलायला?
दहांतला एक येतो.
सतरावर आणखी एक पावती लिही.
मी लिहिली.
शाई तीच, वळण तेच. कागदाला काय कळतंय.
पुढं सवय झाली. बोटं दुखायची, एवढंच.

त्या साली पेठेत पैसा स्वस्त झाला.
दीड टक्क्याचं व्याज पाऊण टक्क्यावर आलं,
तरी घ्या घ्या म्हणून मागे लागायचे.
अंकली फाट्यावर तीन मजली लॉज उठू लागला,
पॉलिशच्या दोन गिरण्या, मिरजेहून ट्रकच्या नव्या बॉड्या,
गवंड्यांना रोज मटण.
जणू सगळ्या गावानं पोटाला चिमटा घेऊन
वर्षानुवर्षं काही साठवलं होतं.
कुणी साठवलं नव्हतं.
मी लिहिलं होतं.

वडील जेवताना म्हणाले,
"हळद नऊ म्हैने मागती, मल्लव्वा.
सातव्याला उपटली तर नुसतं पानी.
व्याज म्हंजे दुसरं काय? वाट बघायची मजुरी.
मजुरी पाडली म्हनून म्हैने कमी हुत न्हाईत."
मी भाकरी मोडत राहिले.

एरोडचा एक व्यापारी आला, सात पावत्या घेऊन.
त्याच्या मागोमाग दुसरा, त्यातलेच चार आकडे घेऊन.
दुपारपर्यंत घाटापर्यंत रांग.
शेठ आतल्या खोलीत बोलावून म्हणाले,
आणखी पन्नास लिही, लोक थंड होतील.
दौत भरलेली होती. मी बाहेर आले.

पेव उघडलं की लगेच उतरत नाहीत.
आत हवा कोंडलेली असते, माणूस पडतो.
आधी दोरीला चिमणी बांधून सोडतात,
जळत राहिली तर उतरायचं, विझली तर थांबायचं.
वडिलांनी सतरावरची माती काढली. चिमणी सोडली.
रांगेतली सगळी डोकी एकदम पुढं झुकली.
ज्योत हलली नाही.
इतकी स्वच्छ हवा
फक्त रिकाम्या पेवात असते.

दुसऱ्या दिवशी पेठेत एकच बोलणं:
इराप्पानं पेव उघडलं म्हणून बाजार बसला.
उघडलं नसतं तर चाललंच होतं की.
वडिलांशी पुढं दोन वर्षं
कुणी पान-तंबाखूचा व्यवहारही केला नाही.

लॉज तिसऱ्या मजल्याला थांबला.
सळ्या अजून वर निघालेल्या आहेत,
त्यांवर कावळे बसतात.
गवंडी पुन्हा तासगावला द्राक्षांवर,
एका गिरणीत शेळ्या.
विटा खऱ्या होत्या, घामही खरा.
फक्त ज्यासाठी बांधलं
ते कुठंच पिकलेलं नव्हतं.

नंतर महापुरानं पेवं बुजवली. वडील त्याआधीच गेले.
आता मी विश्रामबागेत पतसंस्थेच्या काउंटरवर बसते.
काचेवर नवे दर चिकटवलेत, अक्षर माझंच.
काल एक मास्तरीणबाई पावती पर्समध्ये घालता घालता म्हणाल्या,
पैसे आहेत ना हो, नीट?

पावती नीट ठेवा, मी म्हटलं.
आणि टेबलाखाली, कुणाला दिसू न देता,
अंगठा पदराला पुसला.